हिशेब कुणाचा आणि कोणत्या तारखेपासून?



मागच्या भागात आपण घसारा पाहिला. यंत्र एकदाच विकत घेतलं जातं, पण त्याची किंमत दहा-पंधरा वर्षांच्या नफा-तोटा पत्रकांत थोडी थोडी वाटून लिहिली जाते, एवढं त्यातून लक्षात राहिलं असेल तर पुरे. त्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. पैसे तर खरेदीच्या दिवशीच गेले, मग निर्णय घेताना हा घसारा धरायचा की नाही?

वर्षाचा नफा काढताना धरायचा. इन्कम टॅक्सच्या विवरणात धरायचा. उद्या सकाळी काय करायचं हे ठरवताना मात्र तो कागदावरून पुसून टाकायचा. एकाच धंद्याचे हे दोन वेगळे हिशेब आहेत. ते एकमेकांत मिसळले की चांगली शहाणीसुरती माणसं चुकीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणतात आणि चुकीच्या मशीनला कवटाळून बसतात. आज तेच बघू.

हा भाग मी इरुंगाट्टुकोट्टैला रेकॉर्ड केला. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण जागा ओळखीची निघेल. चेन्नईहून बंगळुरूच्या रस्त्याला लागलात की श्रीपेरुंबुदूरच्या थोडं अलीकडे हे गाव येतं. मोटारींच्या शर्यती बघणाऱ्यांना इथला रेसिंग ट्रॅक माहीत असतो. बाकीच्यांना इथली सिपकॉटची वसाहत माहीत असते. सिपकॉट म्हणजे तामिळनाडूची एमआयडीसी समजा. ह्युंदाईची भारतातली कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली, तिचा कारखाना इथे उभा राहिला आणि १९९८ च्या सप्टेंबरात इथून पहिली सँट्रो बाजारात आली. आता समोरच्या हायवेकडे बघा. हा ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आपल्या पिढीचा ४ नंबर. हाच रस्ता धरून बंगळुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे करत सुमारे बाराशे किलोमीटर गेलात की तळेगाव दाभाडे लागतं. आजची गोष्ट या रस्त्याच्या दोन टोकांची आहे. या टोकाला कारखाना ओसंडून वाहत होता आणि त्या टोकाला एक कारखाना कुलूप लावून पडला होता.

मोठ्यांच्या गोष्टीआधी लहानाची घेऊ, कारण आकडे तिथे हातात मावतात.

इथे जवळच एका भाड्याच्या शेडमध्ये एक निवृत्त सुभेदार प्रेस-शॉप चालवतात. मूळचे सातारा जिल्ह्यातले, ईएमईमधून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. फौजेत आम्ही अधिकारीही जेसीओंना 'साहेब' म्हणतो, त्यामुळे आमचं संभाषण ऐकणाऱ्याला दोघांपैकी कोण कुणाचा साहेब हे कळत नाही. ते पत्र्याचे छोटे ब्रॅकेट बनवून एका मोठ्या पुरवठादाराला देतात. तो पुरवठादार त्यातून जोडणी करून कार कंपनीला माल देतो. मागे एकदा त्यांचा फोन आला. "साहेब, नवीन ऑर्डर आलीय. नगाला अडतीस रुपये म्हणतोय. आमचे अकाउंटंट सांगतात, घेऊ नका, नगामागे पाच रुपये तोटा आहे. काय करू?"

मी त्यांना त्रेचाळीस रुपयांची फोड करायला सांगितली. आकडे मी सोयीसाठी गोल केले आहेत. पत्रा २४ रुपये. मजुरी आणि वीज ८ रुपये. शेडचं भाडं आणि सुपरवायझरचा पगार नगावर वाटला तर ६ रुपये. यंत्राचा घसारा ५ रुपये. बेरीज ४३.

मग मी विचारलं, "साहेब, ही ऑर्डर नाही घेतली तर यातले कुठले पैसे वाचतील?"

पत्र्याचे वाचतील. मजुरी आणि वीज वाचेल, कारण कामगार नगावर आहेत आणि दुसरी पाळी बंदच असते. शेडमालक भाडं कमी करणार नाही. सुपरवायझर पगार सोडणार नाही. आणि यंत्र २०१९ मध्ये ४० लाखांना घेतलं ते घेतलंच. म्हणजे या ऑर्डरमुळे खिशातून नव्याने जाणारे पैसे ३२ रुपये आणि येणारे ३८. नगामागे ६ रुपये शिल्लक. महिन्याला २०,००० नग असतील तर १,२०,००० रुपये, आणि तेही एरवी झोपलेल्या मशीनमधून. पाठ्यपुस्तकात त्या ३२ रुपयांना सीमान्त खर्च म्हणतात आणि आधीच होऊन गेलेल्या ४० लाखांना बुडीत खर्च. बँकवाले 'बुडीत कर्ज' म्हणतात ते वेगळं. त्यात कुणीतरी आपले पैसे बुडवलेले असतात. इथे कुणी काही बुडवलेलं नाही, पैसे फक्त परत न येण्याच्या जागी गेले आहेत.

अकाउंटंट चूक होता का? अजिबात नाही. त्याचं गणित बरोबर होतं, पण ते वर्षअखेरीचं होतं. सगळ्याच ऑर्डरी ३८ ला घेतल्या तर भाडं आणि घसारा भरून निघणार नाही आणि काही वर्षांनी यंत्र मोडलं की नवं घ्यायला पैसा नसेल. त्रेचाळीस हा आकडा धंदा किती वर्षं चालेल ते सांगतो आणि बत्तीस हा आकडा आजची ऑर्डर घ्यायची का ते सांगतो.

आता याच ऑर्डरची दुसरी बाजू बघा. समजा दुसरी पाळी रिकामी नाही. दोन्ही पाळ्या जुन्या गिऱ्हाइकाच्या मालाने भरल्या आहेत आणि तो नगाला ४६ देतो. बत्तीस वजा जाता त्याच्याकडून १४ रुपये सुटतात. त्याचा माल बाजूला सारून ३८ वाल्याचं काम घेतलं तर १४ सोडून ६ हातात येतील, म्हणजे नगामागे ८ रुपयांचं नुकसान. यंत्र तेच, ऑर्डर तीच, भाव तोच, आणि उत्तर उलटं. हे आठ रुपये कुठल्याही वहीत लिहिलेले सापडणार नाहीत, कारण ते कधी खर्चच झालेले नसतात. ही हातची सोडलेली संधी. अर्थशास्त्रात बहुतेक मोठ्या चुका या न लिहिलेल्या रकान्यात होतात, असं माझं मत आहे.

अजून एक गोष्ट मी त्यांना विचारली, ती म्हणजे पैसे किती दिवसांनी मिळणार. नव्वद दिवस म्हणाले. मग महिन्याला ६ लाख ४० हजारांचा माल, तीन महिन्यांचे मिळून १९ लाख २० हजार रुपये कायम अडकलेले. बँकेचा दर १२ टक्के धरला तर महिन्याला १९,२०० रुपये व्याज, म्हणजे सव्वा लाखातले जवळजवळ वीस हजार इथेच गेले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. आणि आता आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. उद्यम नोंदणीचा कागद फ्रेम करून भिंतीवर टांगलेला असतो, बिलावर त्याचा नंबर मात्र नसतो. तो टाका, असं मी सांगितलं.

आता रस्त्याच्या त्या टोकाला जाऊ.

जनरल मोटर्सने तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू केला. गाड्या शेवरोले नावाने विकल्या जायच्या, तुमच्यापैकी काहींच्या दारात बीट किंवा स्पार्क उभी राहिली असेल. खप जमला नाही. कार कारखान्याचं दुखणं कुठे असतं ते समजून घ्या. प्रेस, वेल्डिंग, रंगकाम, जोडणी ही सगळी यंत्रणा चालवण्याचा स्थिर खर्च वर्षाला समजा ५०० कोटी आहे. हा आकडा माझा, फक्त समजण्यासाठी. वर्षाला दीड लाख गाड्या निघाल्या तर गाडीमागे ३३ हजार रुपये पडतात. पंचवीस हजारच निघाल्या तर गाडीमागे २ लाख. त्या भावात छोटी कार विकून कुणी जगत नाही. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, तळेगाव फक्त निर्यातीसाठी चालू ठेवलं आणि २४ डिसेंबर २०२० ला तेही बंद केलं.

त्या दिवशी या कारखान्याची किंमत किती होती? बांधायला किती लागले, हे उत्तर इथे कामाचं नाही. वहीत घसारा वजा जाता किती उरले, हेही नाही. कारखाना विकत घेणारा त्यातून पुढे किती कमावू शकतो, एवढीच त्याची किंमत. गुजरातेत साणंदला हे उघड दिसलं. फोर्डने तिथे गाड्यांचा आणि इंजिनांचा कारखाना मिळून एक अब्ज डॉलरची गुंतवणूक सांगितली होती. इंजिनांचा भाग स्वतःकडे ठेवून गाड्यांचा कारखाना जमीन-यंत्रांसकट टाटांच्या कंपनीला विकला, तो ७२५ कोटी ७० लाखांना. टाटांना त्यात वर्षाला तीन लाख गाड्यांची क्षमता मिळाली. फोर्डने फार स्वस्तात दिला, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. मला तसं वाटत नाही. भारतात दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरच्या वर तोटा झाल्याचं सांगूनच फोर्डने गाशा गुंडाळला होता. ज्याच्या हातात तो कारखाना आणखी तोटाच करणार, त्याच्या दृष्टीने ७२५ कोटी ही मिळकतच आहे.

तळेगावच्या सौद्यात मात्र तीन वर्षं गेली, आणि इथे माझ्यासारख्या फौजी माणसाला थांबावं लागतं.

पहिलं गिऱ्हाईक होतं चीनची ग्रेट वॉल मोटर्स. जानेवारी २०२० मध्ये जनरल मोटर्सशी तिचं ठरलं होतं. एप्रिलमध्ये केंद्राने नियम केला की ज्या देशांची जमिनीवरची सीमा आपल्याला लागून आहे, तिथून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी सरकारची परवानगी लागेल. तरीही १५ जून २०२० ला, सोमवारी, महाराष्ट्र सरकारने ग्रेट वॉलशी ३,७७० कोटींचा सामंजस्य करार केला. त्याच रात्री गलवानमध्ये आपले वीस जवान धारातीर्थी पडले. पुढच्या काही दिवसांत राज्याने तो करार थांबवला. केंद्राची परवानगी आली नाही आणि जून २०२२ अखेर दोन्ही कंपन्यांनी सौदा सोडून दिला.

मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे. पण बाजूचा असलो तरी त्याची किंमत लिहायला मी कचरत नाही. या काळात कारखाना बंद होता, हजारावर कामगारांच्या हातातलं काम गेलं, त्यांच्या संघटनेला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आणि आजूबाजूच्या छोट्या पुरवठादारांना दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागलं. देशाच्या सुरक्षेसाठी ही किंमत मोजणं योग्य, असं मी म्हणतो. पण मोजली कुणी? दिल्लीने ठरवलं आणि मावळातल्या घरांनी मोजली. फौजेत एखाद्या तुकडीला दुसऱ्यांचा बचाव करायला मागे ठेवतात, तेव्हा तिचं नुकसान नोंदवलं जातं आणि तिची भरपाई कोण करणार हे आधी ठरतं. धोरणाच्या फायलीत हा रकाना सहसा रिकामा असतो. हिशेब कुणाचा, हे आधी विचारायचं ते यासाठी.

सरकारांनाही बुडीत खर्चाची भूल पडते. एखादी कंपनी जायला निघाली की म्हणतात, "आपण जमीन दिली, पाणी दिलं, रस्ता केला, सवलती दिल्या. आता गेली तर सगळं वाया जाईल, आणखी थोडी सवलत देऊन थांबवा." दिलेलं ते गेलं. आजपासून आणखी एक रुपया दिला तर त्यातून काय मिळेल, आणि तोच रुपया तालुक्याच्या आयटीआयला दिला तर काय मिळेल, एवढाच प्रश्न उरतो. रस्ता आणि पाणी तर कुठे जात नाहीत. ते पुढच्या मालकाच्या उपयोगाला येतात, जसे तळेगावात आले.

कारण पुढचा मालक इथे, इरुंगाट्टुकोट्टैत, जागा शोधत होता. ह्युंदाईची इथली क्षमता वर्षाला ८ लाख २४ हजार गाड्यांची, आणि कारखाना त्या क्षमतेच्या नव्वद टक्क्यांच्या वर चालत होता. सुभेदारसाहेबांच्या भरलेल्या दोन पाळ्या आठवा. अशा वेळी नवी गाडी बाजारात आणायची तर जुनी कुठलीतरी कमी करावी लागते, आणि न लिहिलेल्या रकान्यातलं ते नुकसान दर महिन्याला वाढत जातं. रिकाम्या माळावर नवा कारखाना बांधायला वर्षं लागली असती. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तळेगावच्या खरेदीचा करार केला, जानेवारी २०२४ मध्ये ताबा घेतला. तेव्हा त्याची क्षमता १ लाख ३० हजार सांगितली गेली होती, ती टप्प्याटप्प्याने अडीच लाखांवर नेऊन दोन्ही ठिकाणची मिळून २०२८ पर्यंत १० लाख ७४ हजार करण्याचा बेत आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात आलेली नवी व्हेन्यू तळेगावात बनते. म्हणजे ज्या भिंतींचा जनरल मोटर्सला काही उपयोग उरला नव्हता, त्याच भिंती ह्युंदाईला वाचलेल्या काळाच्या रूपात दिसत होत्या. दोघांचेही हिशेब बरोबर होते, कारण ते दोघांचे वेगवेगळे हिशेब होते.

जाता जाता, याच कंपनीच्या शेअरविक्रीबद्दल. ऑक्टोबर २०२४ मध्ये २७,८७० कोटींचा आयपीओ आला, तोवरचा देशातला सगळ्यात मोठा. निवृत्तीचे पैसे हातात असलेल्या माझ्या दोन-तीन दोस्तांचा समज असा होता की आपल्या पैशांतून तळेगावचा कारखाना उभा राहणार. अर्जाच्या कागदावर स्पष्ट छापलेलं होतं की ही पूर्णपणे ऑफर फॉर सेल आहे. म्हणजे कोरियातल्या मूळ कंपनीने आपल्याकडचे साडेसतरा टक्के शेअर विकले आणि पैसे तिला गेले. भारतातल्या कंपनीच्या पेटीत एक रुपया आला नाही. यात लपवाछपवी काही नाही आणि शेअर घेणं चूक होतं असंही नाही. १,९६० ला दिलेला शेअर पहिल्या दिवशी त्याखाली बंद झाला, पुढे बरेच वर-खाली झाला. पण आपला पैसा मालकाच्या खिशात जातो की धंद्याच्या गल्ल्यात, हे न बघता अर्ज भरणं म्हणजे मनिऑर्डर कुणाच्या नावाने आहे ते न वाचता सही करणं.

परत सुभेदारसाहेबांकडे येऊ. तळेगाव सुरू झाल्यावर त्यांच्या गिऱ्हाइकाने त्यांना सुचवलं की तिकडे या, काम देऊ. घर सातारा बाजूला, त्यामुळे मन अर्धं तिकडेच. अडचण होती त्या प्रेसची. वहीत तिची किंमत २० लाख दिसते, बाजारात १२ लाखांवर कुणी बोलत नाही. "आठ लाखांचा तोटा करून कशी विकू?" मी म्हटलं, तो तोटा आधीच झालाय, विकली नाही तरी झालाय. आता पर्याय दोनच. मशीन ट्रेलरवर घालून तिकडे न्यायचं, पाया घालून परत बसवायचं, तर ३ लाख आणि तीन आठवडे काम बंद. किंवा इथे १२ ला विकून चाकण भागात तसंच जुनं मशीन बसवून १४ ला घ्यायचं, म्हणजे निव्वळ २ लाख आणि काम जवळपास चालू. या तुलनेत २०१९ चे ४० लाख कुठेच येत नाहीत, वहीतले २० लाखही नाहीत.

पण त्याआधीचा प्रश्न जायचं का हा आहे, आणि तिथे घाईची गरज नाही. फोर्डने साणंद विकलं, पण चेन्नईजवळचा मराईमलाई नगरचा कारखाना विकला नाही. २०२२ मध्ये तिथलं काम थांबलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये निर्यातीसाठी तो पुन्हा वापरण्याचा इरादा कंपनीने तामिळनाडू सरकारला कळवला. बंद कारखाना सांभाळायला पैसे लागतात, पण दार उघडं ठेवण्यालाही किंमत असते. सुभेदारसाहेबांचं दार तर फुकटात उघडं आहे, कारण इथलं काम चालू आहे. म्हणून मी त्यांना एकच अट घालायला सांगितली. गिऱ्हाइकाकडून सहा महिन्यांचं शेड्यूल लेखी घ्या, नगाचा भाव आणि पैसे देण्याची मुदत त्यात असू द्या, मग शेड बघा.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. तिकडच्या शेडमालकाला तीन महिन्यांचं भाडं आगाऊ हवं आहे, महिन्याला ९०,००० प्रमाणे.

"आणि शेड्यूल, साहेब?"

"अजून तोंडीच आहे, साहेब."

म्हणजे ते २ लाख ७० हजार अजून त्यांच्याच खात्यात आहेत. शेड्यूलचा कागद येईपर्यंत शेडमालकाला थांबवता येतं का ते बघा, असं मी सांगितलं. दरम्यान अडतीस रुपयांची ऑर्डर त्यांनी घेतली आहे, पंचेचाळीस दिवसांच्या मुदतीवर.